आजीला द्यायचं ते तिच्याच लुगड्यातून

तामलवाडी सोलापूर–तुळजापूर रस्त्यावर आहे. कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरला चालत निघालेल्या भाविकांची रीघ याच रस्त्यानं जाते. एरवी इथली पोरं याच रस्त्यानं सोलापूरला आणि पुढं पुण्याला शिकायला, नोकरीला जातात. सणाला परत येताना आजीसाठी काय न्यायचं, हा प्रश्न त्यातल्या प्रत्येकाला पडतो. बहुतेक वेळा साडी नाहीतर शाल घेतली जाते. आजी ती कौतुकानं सगळ्या गल्लीला दाखवते, कपाटात ठेवते आणि पुढच्या लग्नसराईत कुणाला तरी आहेर करून मोकळी होते. त्यात तिचं काहीच चुकत नाही. तिच्याकडे नेसायला पुरेसं आहे.

यंदा हातानं काही करून द्यावं असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझं सांगणं एवढंच, की आधी आजीच्या दिवसाकडे बघा आणि मग सुई-दोरा हातात घ्या. आईस्क्रीमच्या काड्यांचं घर, चमकी लावलेलं कार्ड, कागदी फुलांची परडी या वस्तू लहान मुलांनी कराव्यात आणि आजीनं त्या प्रेमानं भिंतीला लावाव्यात, त्याला माझी हरकत नाही. पण वीस-पंचवीस वर्षांच्या नातवानं किंवा नातीनं महिनाभर खपून काही करायचं, तर ते आजीच्या रोजच्या वापरात यायला हवं.

म्हणून घरी गेलात की एक दिवस नुसतं बघा. गोळ्या कुठं ठेवते? बऱ्याच घरांत त्या प्लास्टिकच्या पिशवीत असतात, पिशवीला गाठ मारलेली असते आणि ती सोडताना तिची बोटं दुखतात. चष्मा कुठं असतो? दुपारी पडल्यावर पायावर काय घेते? फाटक्या लुगड्याला शिवण घालायची असली, की अंगणातनं जाणाऱ्या पोराला हाक मारून "एवढी सुई ओवून दे रं बाळा" म्हणते का? उठताना भिंतीला धरते की काठी घेते? एवढं पाहिलंत की काय करायचं ते तुम्हाला आपोआप कळेल.

पायावर घ्यायची वाकळ

पुण्या-मुंबईकडे गोधडी म्हणतात, आपल्याकडे वाकळ. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची आणि धावदोऱ्यानं शिवून एकजीव करायची, ही रीत देशात ठिकठिकाणी आहे. बंगालचा कांथा तसाच, आणि उत्तर कर्नाटकातल्या हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांची कवंदीही तशीच. आपल्या आज्यांनी आयुष्यभर वाकळा शिवल्या त्या घरातल्या सगळ्यांसाठी. तिच्या मापाची, तिच्याचसाठी म्हणून कुणी शिवलेली वाकळ तिच्याकडे सहसा नसते.

वाकळ मोठी करायच्या फंदात पडू नका. अंथरायची सात-आठ पदरी वाकळ ओली झाली की तरण्या बाईलाही पिळता येत नाही. खाटेवर किंवा खुर्चीत बसून पायावर घ्यायची, मीटरभर रुंद आणि सव्वा मीटर लांब, चार पदरांची वाकळ पुरते. सुती लुगड्याची असेल तर तिचं वजन साधारण अर्धा किलो भरतं. ती आजीला स्वतः धुता येते आणि दोरीवर टाकता येते.

कापड आजीकडूनच मागा. नऊवारी लुगडं आठ मीटरच्या वर भरतं, म्हणजे चारही पदर एकाच लुगड्यातून निघतात आणि वर तीन मीटर उरतं. मात्र परस्पर ट्रंक उघडून कात्री लावू नका. जे तुम्हाला विटकं पटकूर वाटतं ते तिच्या आईनं दिलेलं इरकल असू शकतं. तिच्यासमोर चार-पाच लुगडी काढा आणि यातलं कुठलं फाडू म्हणून विचारा. या बोलण्यात एखादा तास सहज जातो. कुठलं लुगडं कुणी घेतलं, कुठल्या बाजारातलं, कुणाच्या लग्नातलं, ते ऐकून घ्या. नुसत्या या तासासाठीही मी वाकळ शिवा म्हणेन.

रंगाचंही तसंच. आजोबा गेल्यावर कित्येक आज्यांनी गडद रंग सोडलेले असतात. तिच्यावर लाल-हिरवं लादू नका, आणि तिच्या वतीनं तुम्हीच पांढरं-राखाडी ठरवून टाकू नका. दोन-तीन कापडं पुढं ठेवा. हात कशावर फिरतो ते बघा.

घरात सुती काहीच उरलं नसेल तर सोलापुरात मधला मारुती, चाटी गल्लीच्या भागात कापडाची दुकानं आहेत. सोलापुरात शाळेच्या गणवेशांचे कारखाने पुष्कळ, त्यामुळे कटपीसही स्वस्त मिळतात. पण घेताना तुकडा हातात चुरगाळून बघा. घडी लगेच मोकळी झाली तर त्यात टेरिकॉट आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते अंगाला चिकटतं, सुईलाही निसटतं. नायलॉनच्या साड्या तर वाकळीत घालूच नका.

आता शिवण. कापड आधी धुऊन, उन्हात कडक वाळवून घ्या, म्हणजे जे आटायचं ते आधीच आटतं. धड, न विरलेले दोन तुकडे तळाला आणि वर ठेवायचे, विरलेले दोन मध्ये. विरलेलं कापड मऊ असतं, त्यानंच ऊब येते. फरशीवर पहिला पदर अंथरून चारही कोपऱ्यांवर जड भांडी ठेवा. एकेक पदर टाकताना मधून कडेकडे तळहात फिरवून सुरकुती काढा. इथं घाई केली तर पुढं कितीही शिवलं तरी फुगवटा जात नाही. मग मध्यापासून कडेकडे, वीतभर अंतरानं कच्चे टाके घालून सगळे पदर जागच्या जागी धरून ठेवा.

दोरा सुती आणि जाड घ्या, मेणाच्या तुकड्यावरून ओढून घ्या, म्हणजे पीळ सुटत नाही. हातभर दोरा पुरे. लांब दोऱ्यानं काम लवकर होईल असं वाटतं, पण गुंता सोडवण्यातच वेळ जातो. कडा आत दुमडून पहिली ओळ कडेनं घाला. पुढं काही बायका चौकोनी फेरे घेत मध्याकडे येतात, काही सरळ उभ्या ओळी घालतात. नवख्या हाताला उभ्या ओळी सोप्या पडतात. दोन ओळींत दोन बोटांचं अंतर ठेवा. टाका ज्वारीच्या दोन दाण्यांएवढा, वर आणि खाली सारखाच दिसला पाहिजे. गाठ कधी वर दिसू द्यायची नाही, पदरांच्या मध्ये ओढून घ्यायची. चार पदरांतून सुई ढकलताना बोटाला घट्टा पडतो, म्हणून अंगुस्तान वापरा. रोज संध्याकाळी तासभर बसलात तर महिनाभरात एवढी वाकळ होते. सुट्टीच्या चार दिवसांत संपवीन म्हणू नका.

सगळ्यात चांगलं म्हणजे पहिली ओळ आजीला घालायला सांगा. तिचा हात थरथरत असेल, टाका वाकडा जाईल. तो उसवू नका. आणि तुमचा टाका बघून ती "हे काय, म्हशीच्या पावलावानी टाकं घातल्यात" म्हणाली, तर मुकाट्यानं उसवून पुन्हा घाला. या कामात तिला तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं.

लमाणी भरतकामाचा मोह अनेकांना होतो. नळदुर्ग, तुळजापूर, सोलापूरच्या परिसरात तांडे आहेत आणि तिथल्या बायकांचं आरशांचं, कवड्यांचं काम डोळ्यांत भरतं. ते त्यांच्याकडून योग्य दाम देऊन घ्या आणि भिंतीवर किंवा पिशवीवर लावा. वाकळीवर मात्र आरसे नकोत. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ झालेली असते, आरशाच्या कडेनं ती सहज खरचटते.

उरलेल्या तीन मीटरचं काय

एक चंची करा. पान-सुपारी, कात, चुना, अडकित्ता ज्या कप्प्यांच्या पिशवीत ठेवून गुंडाळी करून कमरेला खोचत, ती चंची. पान खाणाऱ्या आज्या आता कमी झाल्या, गोळ्या खाणाऱ्या वाढल्या. म्हणून तीच चंची गोळ्यांसाठी करायची.

बाहेरून चोळीचा खण घ्या, गुळेदगुड्डचा मिळाला तर उत्तम. आतून लुगड्याचं अस्तर. दोन्ही तुकडे 47 सेंटीमीटर लांब आणि 32 सेंटीमीटर रुंद कापा. सुलट्या बाजू समोरासमोर ठेवून चारी बाजूंनी शिवा, एका कडेला चार बोटं जागा सोडा आणि तिथून पिशवी उलटून घ्या. ती जागा हातानं हेम घालून बंद करा. आता 45 बाय 30 चा तुकडा तयार झाला. लांब बाजू आडवी धरून खालची कड 12 सेंटीमीटर वर दुमडा, दोन्ही टोकं शिवा आणि मध्ये दोन उभ्या शिवणी घाला. 15-15 सेंटीमीटरचे तीन खण झाले. वर उरलेली सहा सेंटीमीटरची पट्टी झाकण म्हणून पुढं येते. तिन्ही खण एकमेकांवर दुमडले की तळहातात मावणारी चंची होते. एका टोकाला लांब नाडी लावा, ती दोन वेढे देऊन खोचायची. नाडीच्या टोकाला एक कवडी ओवा. दुखऱ्या बोटांना ती पटकन सापडते आणि धरायला सोपी जाते. प्रेसबटण, हूक, चेन यातलं काही नको.

तीन खणांवर रंगीत दोऱ्यानं सकाळचा उगवता सूर्य, दुपारचा पूर्ण सूर्य आणि रात्रीची चंद्रकोर भरा. वाचता न येणाऱ्या आजीलाही ते कळतं. गोळ्या पाकिटातून मोकळ्या काढून चंचीत घालायच्या नाहीत, पाकिटासकटच ठेवायच्या. ओल लागून त्या बिघडतात आणि सुट्ट्या गोळ्यांत कुठली रक्तदाबाची, कुठली साखरेची हे कुणालाच ओळखू येत नाही. पाकीट कापायचं झालं तर नाव आणि मुदत छापलेला भाग राहील असं कापा. चंची भरायचं काम घरातल्या एका जाणत्या माणसानं अंगावर घ्यावं, डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून.

सर्वांत छोटी आणि माझ्या मते सर्वांत मोलाची भेट म्हणजे सुयांचं पुस्तक. नजर कमी झालेली आजी शिवू शकते, पण सुई ओवू शकत नाही. शिवण तिच्या बोटांत असते. तेवढ्या एका कारणानं तिचं शिवणं बंद पडतं आणि तिच्या हातातलं एक काम जातं. जुन्या घोंगडीचे दोन तुकडे, प्रत्येकी 20 बाय 10 सेंटीमीटरचे, पानं म्हणून घ्या. लोकरीत थोडी स्निग्धता असते, त्यामुळे सुया लवकर गंजत नाहीत. बाहेरून लुगड्याच्या काठाचं वेष्टण द्या आणि मध्ये शिवून पुस्तक करा. त्यात दहा-बारा सुया ओवून ठेवा, काही पांढऱ्या दोऱ्याच्या, काही काळ्या, एक-दोन लाल. प्रत्येक सुई पानात दोन ठिकाणी खोचून तिचा दोरा दोन्ही टोकांवरून आठाच्या आकड्यात गुंडाळा, म्हणजे दुसऱ्या दोऱ्यात अडकत नाही. टोकाला गाठही मारून ठेवा. हे सगळं एका दुपारचं काम. पण पुढच्या खेपेला घरी गेलात की आधी ते पुस्तक मागून घ्या आणि रिकाम्या सुया पुन्हा ओवून द्या. गावातच राहणाऱ्या नातवंडाला तर हे दर आठवड्याला करता येईल.

आजी काठी घेत असेल तर मुठीला सुती नाडी गुंडाळून द्या. घामानं हात सटकत नाही. नाडीचं एक टोक मुठीवर लांब फास करून ठेवा, त्यावरून उरलेली नाडी घट्ट, एकमेकांना चिकटून वेढे देत आणा, शेवटचं टोक फाशातून घालून फास वेढ्यांखाली ओढून घ्या. गाठ कुठंच टोचत नाही. आणि नाडीच्या आधी काठीच्या तळाचं रबराचं बूच बघा. झिजलं असेल तर ते त्याच दिवशी बदला.

आजी पडू नये, याच कारणासाठी चिंध्यांचं किंवा लोकरीचं पायपुसणं आजीला करून देऊ नये असं माझं ठाम मत आहे. दिसायला सुंदर असतं, शाळेत शिकवलेलंही असतं, पण फरशीवर ते सरकतं. उतारवयात एकदा पडणं म्हणजे खुब्याचं हाड, आणि पुढं खाट. बसकर चालेल, कारण त्यावर ती बसते, चालत नाही. तेही जेवायला बसायच्या किंवा देवघरासमोरच्या नेमक्या जागी राहील असं करा.

देवघरातलं काही करायचं असेल तर

तुळजापूर एवढं जवळ, त्यामुळे या भागातल्या अनेक घरांत परडी असते, गळ्यात कवड्यांची माळ असते. आराधी असलेल्या आज्या मंगळवारी-शुक्रवारी जोगवा मागतात. इथं जरा जपून. कवड्यांची माळ हा देवीचा वसा आहे. हौसेनं ओवून भेट द्यायचा तो दागिना नव्हे. आजीच्या जुन्या माळेचा दोरा कुजला असेल, तर तिला विचारून, ती सांगेल त्या दिवशी, तिच्या देखत नव्या दोऱ्यात ओवून द्या. परडीसाठी नाडीची सुती पिशवी शिवून दिली तर धूळ बसत नाही. पोथी वाचणाऱ्या आजीला नवं बासन द्या, चौकोनी कापड आणि एका कोपऱ्याला लांब नाडी, एवढंच ते असतं.

वातींचं उलटं आहे. वाती करून देऊ नका. फुलवाती, लांब वाती, गौरी-गणपतीची कापसाची वस्त्रं हा आजीचा दुपारचा उद्योग असतो आणि तो तिला आवडतो. बोटाला किंचित दूध लावून ती वात अशी वळते, की आपण बघत राहावं. तिला सरकी काढलेला चांगला कापूस आणून द्या आणि वाती ठेवायला झाकणाचा डबा रंगवून द्या. तयार वाती देऊन तिची दुपार रिकामी करू नका.

ओव्यांची वही

ज्या पिढीनं जात्यावर दळलं ती पिढी आता थोडी उरली आहे. गावोगावी गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, पण ओव्या अनेकींच्या स्मरणात आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी कित्येक वर्षं महाराष्ट्रातल्या गावांत फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि 2017 पासून 'परी' या संकेतस्थळावर त्या क्रमाक्रमानं प्रसिद्ध होत आल्या आहेत. तुमच्या आजीच्या ओव्या त्यात असतीलच असं नाही. त्या तुम्हीच लिहून घ्यायच्या.

"आजी, ओव्या म्हण" असं समोर फोन धरून सांगितलं तर तिला एकही आठवत नाही. तिच्या हाताला काम द्या. जातं असेल तर मूठभर डाळ भरडायला घ्या आणि खुंट्याला तुमचाही हात लावा. जातं नसेल तर वाकळ शिवताना बसल्या-बसल्या विषय काढा, भावाचा, माहेराचा, तुळजापूरच्या आईचा, पंढरीचा. एक आठवली की मागोमाग दुसरी येते. फोन बाजूला चालू ठेवा, पण तिला आधी सांगून. लिहिताना ती म्हणाली तसाच शब्द लिहा. "व्हतं", "म्या", "लई" यांचं पुस्तकी करू नका. कुठली ओवी कुणाकडून शिकली तेही खाली लिहा. आई, मावशी, शेजारीण, जिचं नाव ती घेईल तिचं.

वही बांधायला जाडसर कागद आठ घ्या आणि मध्ये दुमडा. घडीवर मधोमध एक आणि वर-खाली एकेक अशी तीन भोकं पाडा. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत, आतल्या बाजूनं थेट खालच्या भोकातून बाहेर, आणि पुन्हा मधल्या भोकातून आत. दोन्ही टोकं आतल्या लांब दोऱ्याच्या अल्याड-पल्याड घेऊन गाठ मारा. पुठ्ठ्याला लुगड्याचा काठ खळीनं चिकटवा. आजी वाचत असेल तर अक्षर करंगळीच्या नखाएवढं, काळ्या शाईनं, एका पानावर दोनच ओव्या. वाचत नसेल तर अक्षर कसंही चालेल, पण वही देताना शेजारी बसून सगळी वाचून दाखवा. मध्येच ती थांबवेल, "आसं न्हाई ते" म्हणून दुरुस्ती सांगेल. त्यासाठी डावीकडचं प्रत्येक पान कोरं सोडा.

देताना आणि दिल्यावर

चकचकीत कागदात गुंडाळून सगळ्यांसमोर उघडायला लावू नका, ती अवघडते. चंची, वही, सुयांचं पुस्तक वाकळीच्या घडीत घालून वाकळ तिच्या मांडीवर ठेवा. ती वापरायला काढत नसेल, "चांगली हाय, पावण्यांला ठिवते" म्हणत असेल, तर तुम्हीच ती तिच्या पायावर टाका आणि रोज संध्याकाळी टाकत राहा. एकदा धुतली, मळली, की ती तिची होते.

पहिल्यांदा धुताना थंड पाण्यात, वेगळी धुवा. काठाचा रंग जात असला तर इतर कपड्यांना लागेल. नंतर साबणाचं कोमट पाणी चालतं. पिळायची नाही, दाबून पाणी काढायचं आणि दोरीवर मधोमध टाकायची. वर्षा-दोन वर्षांत कडा विरतील, तिथं पट्टी लावावी लागेल. त्यासाठी त्याच लुगड्याचे दोन हातभर तुकडे आणि उरलेली दोऱ्याची रीळ एका पिशवीत घालून आजीच्या ट्रंकेत ठेवून या.